विश्वकिरणांचे उपासक : डॉ. होमी भाभा

आषाढाचे दिवस आहेत. उल्हास नदी दुथडी भरून वाहत आहे. कल्याण-डोंबिवलीच्या घरांवर पावसाची संततधार लागली असून पन्हळींतून पाणी अंगणात कोसळत आहे. ठाणे जिल्ह्यातील मुलांना हे दृश्य नवीन नाही. पन्हळीखाली घागर लावणाऱ्या गृहिणीला किंवा ओहोळात कागदी होडी सोडणाऱ्या मुलाला या पाण्यात विशेष असे काही दिसत नाही. तथापि त्या पाण्यात काही अतिसूक्ष्म कण असे असतात, की जे समुद्रातूनही आलेले नसतात आणि जमिनीवरूनही उडालेले नसतात. त्यांचा जन्म उंच वातावरणात झालेला असतो, आणि तोही अंतराळातून अहोरात्र येणाऱ्या एका अदृश्य माऱ्यामुळे. या माऱ्याला विश्वकिरण असे नाव आहे.

हे विश्वकिरण येतात कोठून, या प्रश्नाने विसाव्या शतकातील अनेक थोर शास्त्रज्ञांना वेड लावले. त्यांत एक भारतीय अग्रभागी होता. त्याने या किरणांचा अभ्यास तर केलाच. पण पावसाच्या पाण्यातूनही त्यांचा माग काढू शकतील असे शास्त्रज्ञ जेथे तयार झाले, ती संस्थाही त्यानेच उभारली. हे शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. होमी जहांगीर भाभा.

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर भाभा हे कायद्याचे जाणकार होते. आईचे नाव मेहेरबाई. त्यांच्या आत्याचा विवाह उद्योगपती सर दोराबजी टाटा यांच्याशी झालेला असल्यामुळे टाटा घराण्याशी भाभा कुटुंबाचा निकटचा संबंध होता. घरात ग्रंथांचा मोठा संग्रह होता आणि पाश्चात्त्य संगीताची आवड सर्वांनाच होती. लहानग्या होमीला या दोन्ही गोष्टींचा लळा लागला. शाळेच्या अभ्यासात तो पुढे असेच. शिवाय चित्रे काढणे, संगीत ऐकणे आणि विज्ञानाची पुस्तके वाचणे यांत त्याचा वेळ कसा जाई हे त्याचे त्यालाही कळत नसे. जे करावयाचे ते उत्तम करावयाचे, हा त्यांचा स्वभाव पुढे आयुष्यभर टिकला.

मुंबईतील कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथील शिक्षण आटोपून १९२७ साली होमी इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात दाखल झाले. मुलाने इंजिनियर होऊन परत यावे व जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात मोठ्या अधिकाराची जागा सांभाळावी, अशी वडिलांची इच्छा होती. पण केंब्रिजमध्ये त्या काळी पदार्थविज्ञानाचे नवे युग अवतरले होते. अणूच्या अंतरंगाचा रोज नवा शोध लागत होता. ते वातावरण पाहून तरुण होमीचे मन यंत्रांवरून उडाले. आपला जीव पदार्थविज्ञानात आहे, कारखान्यात नाही, असे त्याने वडिलांना पत्राने स्पष्ट कळविले.

वडिलांपुढे पेच पडला. मुलाची ओढ खरी आहे की हा केवळ तारुण्यातील उत्साह आहे? त्यांनी मोठ्या शहाणपणाने मार्ग काढला. इंजिनियरिंगची परीक्षा होमीने प्रथम वर्गात उत्तीर्ण व्हावी. तसे झाल्यास पुढे गणित शिकण्यास आपण खर्च देऊ, अशी अट त्यांनी घातली. न आवडणारा अभ्यास मुलाने टाळाटाळ न करता पुरा केला. १९३० साली तो प्रथम वर्गात उत्तीर्ण झाला आणि वडिलांनीही आपला शब्द पाळला. गणिताची परीक्षाही होमीने तशाच यशाने पार पाडली आणि संशोधनाला आरंभ केला. संशोधनाचा विषय होता विश्वकिरण.

या किरणांचा शोध १९१२ साली ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ व्हिक्टर हेस यांनी लावला होता. त्यापूर्वी शास्त्रज्ञांची अशी समजूत होती, की हवेत सर्वत्र आढळणारे हे भेदक किरण जमिनीतील किरणोत्सारी खनिजांपासून निघत असावेत. तसे असते, तर उंच जावे तसे ते कमी होत गेले असते. हेस फुग्यात बसून पाच किलोमीटरांहून अधिक उंचीवर गेले, आणि त्यांना आढळले ते नेमके उलट! वर जावे तसे किरण वाढतच होते. अर्थात ते खालून येत नव्हते, वरून येत होते. पुढे असे दिसून आले, की हे प्रकाशासारखे किरण नसून बहुतांशी अणूंचे विद्युत्भारित गर्भ आहेत आणि ते प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ जाणाऱ्या वेगाने धावत असतात. किरण हे जुने नाव मात्र कायम राहिले.

विश्वकिरणांचा एक कण वातावरणात शिरला, की काही वेळा जमिनीवर एकाच क्षणी हजारो कणांचा वर्षाव होतो. एका कणातून इतके कण कसे निर्माण होतात? १९३७ साली भाभांनी वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर या कोड्याचे उत्तर गणिताने मांडले. एक वेगवान इलेक्ट्रॉन प्रकाशकणाला जन्म देतो. त्या प्रकाशकणापासून दोन नवे कण होतात. ते पुन्हा प्रकाशकणांना जन्म देतात. डोंगरकड्यावरून सुटलेला एक दगड वाटेत दुसऱ्या दगडांना सोबत घेत जातो आणि पायथ्याशी पोहोचेपर्यंत त्याची दरड होते, तसाच हा प्रकार होय. या सिद्धांताने भाभांचे नाव जगभर झाले. इलेक्ट्रॉन व त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांच्या टकरीचे गणितही त्यांनी मांडले होते, आणि शास्त्रज्ञ आजही ते भाभांच्या नावानेच ओळखतात.

१९३९ साली भाभा सुट्टीसाठी मायदेशी आले. सुट्टी संपताच केंब्रिजला परतावयाचे, असा त्यांचा बेत होता. पण त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात दुसरे महायुद्ध भडकले आणि परतीची वाट बंद झाली. भाभा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. तेथे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्यासारखा थोर शास्त्रज्ञ होता. परंतु केंब्रिजमधील साधने आणि सहकारी तेथे कोठून मिळणार? दुसरा एखादा असता तर युद्ध संपण्याची वाट पाहत दिवस मोजीत बसला असता. भाभांनी तेथे विश्वकिरणांच्या संशोधनाचा विभाग उभा केला. दक्षिण भारत हा पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे. तेथे पृथ्वीचे चुंबकत्व दुबळ्या कणांना दूर लोटते आणि केवळ प्रचंड ऊर्जेचे कण तेवढे खाली पोहोचतात. जणू निसर्गानेच तेथे चाळण लावून ठेवली आहे. आपल्या भूमीचा हा गुण ओळखून भाभांनी उंच जाणाऱ्या विमानांतून उपकरणे पाठविली आणि मोजमापे घेतली. १९४१ साली, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी, ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेले.

युद्धाचा शेवट दृष्टिपथात आला, तेव्हा भाभांच्या आयुष्यातील मोठा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला. केंब्रिजची दारे त्यांना उघडी होती. तेथे कीर्ती होती, प्रयोगशाळा होत्या, बरोबरीचे विद्वान होते. येथे बहुतेक सर्व काही नव्याने उभारावे लागणार होते आणि त्यात स्वतःच्या संशोधनाची वर्षे खर्ची पडणार होती. भाभांनी मायदेशीच राहण्याचे ठरविले. आवश्यक ती साधने मिळत असतील, तर आपल्या देशात राहून देशातच उत्तम विज्ञान निर्माण करणे हे आपले कर्तव्य आहे, अशी त्यांची खात्री झाली होती. १९४४ सालच्या मार्च महिन्यात त्यांनी सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या विश्वस्त निधीला पत्र लिहिले. मूलभूत संशोधनाची संस्था आज स्थापन केली, तर काही दशकांनी अणुशक्तीपासून वीज निर्माण करण्याची वेळ येईल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. अणूची शक्ती त्या वेळी सामान्य माणसाच्या कल्पनेतही नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे या दूरदृष्टीचे मोल कळते.

विश्वस्तांनी होकार दिला. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूर येथे सुरू झाली आणि त्याच वर्षाअखेर ती मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ नावाच्या बंगल्यात आली. पुढे ती गेटवे ऑफ इंडियाजवळील जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली व १९६२ साली कुलाब्याच्या समुद्रकाठी तिची स्वतःची भव्य वास्तू उभी राहिली. माणसे निवडण्याची भाभांची रीत निराळी होती. आधी पदे निर्माण करून मग माणसे शोधण्यापेक्षा आधी गुणी माणूस हेरावा आणि त्याला मनासारखे काम करू द्यावे, असे ते मानीत.

अशांपैकीच एक होते बर्नार्ड पीटर्स. जर्मनीत हिटलरच्या राजवटीत त्यांना छळछावणीत डांबण्यात आले होते. तेथून सुटून ते अमेरिकेत गेले व शास्त्रज्ञ झाले. विश्वकिरणांत केवळ हायड्रोजनचेच नव्हे, तर लोखंडासारख्या जड मूलद्रव्यांचेही अणुगर्भ असतात, हे १९४८ साली ज्यांनी दाखवून दिले त्यांत पीटर्स होते. परंतु पुढे अमेरिकेतही राजकीय संशयाचे वारे वाहू लागले आणि त्यांना तेथे काम करणे कठीण झाले. अशा वेळी भाभांच्या संस्थेने त्यांना मुंबईत आश्रय दिला. पीटर्स यांनी त्या उपकाराची फेड विद्यादानाने केली. देवेंद्र लाल, पी. एस. गोयल इत्यादी तरुण त्यांच्या हाताखाली तयार झाले.

विश्वकिरणांचे मूळ शोधणे अवघड का आहे, हे येथे समजून घेतले पाहिजे. ताऱ्याचा प्रकाश सरळ येतो. म्हणून तो कोठून आला हे पाहताच कळते. विश्वकिरणांचे कण मात्र विद्युत्भारित असल्यामुळे आकाशगंगेतील चुंबकत्व त्यांना पुनःपुन्हा वळविते. रानावनांतून शेकडो वळणे घेत आलेला वाटसरू कोणत्या दिशेने गावात शिरला, एवढ्यावरून त्याचे गाव कळत नाही. पण त्याच्या अंगावरील धूळ आणि त्याची शिदोरी पाहिली, तर तो किती दिवस चालत होता याचा अंदाज बांधता येतो. विश्वकिरणांच्या बाबतीत ही शिदोरी म्हणजे किरणोत्सारी समस्थानिके होत.

एकाच मूलद्रव्याचे अणू रासायनिक गुणांनी सारखे, पण वजनाने निरनिराळे असू शकतात. त्यांना समस्थानिके म्हणतात. त्यांपैकी काही स्थिर असतात, तर काही किरणोत्सारी असतात. म्हणजे ती किरण बाहेर टाकून आपोआप दुसऱ्या मूलद्रव्यात पालटतात. ठरावीक काळात त्यांची संख्या निम्मी होते. पुन्हा तेवढाच काळ लोटला, की उरलेल्याच्या निम्मी. या काळाला अर्धायुष्य म्हणतात. कोठीतील धान्य किती वेगाने सरते हे ठाऊक असेल, तर उरलेले धान्य पाहून कोठी कधी भरली होती हे सांगता येते. किरणोत्सारी समस्थानिक ही निसर्गाची अशीच कोठी आहे.

विश्वकिरण वातावरणातील नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या अणुगर्भांवर आदळतात, तेव्हा त्यांचे तुकडे होऊन बेरिलियमची दोन किरणोत्सारी समस्थानिके निर्माण होतात. बेरिलियम-७ चे अर्धायुष्य सुमारे ५३ दिवसांचे, तर बेरिलियम-१० चे सुमारे १४ लाख वर्षांचे! हे अणू हवेतील धुळीला चिकटतात व पावसाबरोबर खाली येतात. मुंबईच्या तरुण संशोधकांनी पावसाचे पाणी साठविले, रासायनिक क्रियांनी त्यातील बेरिलियम वेगळे केले, आणि बाहेरच्या किरणांचा उपद्रव होऊ नये म्हणून बंदिस्त केलेल्या उपकरणांनी त्यातून निघणारे क्षीण किरण मोजले. लक्षावधी थेंबांतून मूठभरही नव्हे, तर डोळ्यांना न दिसणारे धन वेचावयाचे होते! १९५६ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. किरणोत्सारी गंधकही त्यांना पावसात सापडले. पाठोपाठ महासागराच्या तळावरील गाळात त्यांनी बेरिलियम-१० मोजले. विश्वकिरण पृथ्वीवर लक्षावधी वर्षांपासून पडत आहेत, याची साक्ष त्या गाळाने दिली.

बेरिलियम अंतराळातही तयार होते. विश्वकिरणांतील जड अणुगर्भ ताऱ्यांमधील विरळ वायूवर आदळून फुटतात, तेव्हा त्या तुकड्यांत बेरिलियम-१० असते आणि ते किरणांबरोबरच प्रवास करते. त्यातील किती उरले हे मोजता आले, तर विश्वकिरण किती काळ भटकत आहेत हे कळेल, अशी कल्पना पीटर्स व इतर काही शास्त्रज्ञांनी मांडली. पण त्यासाठी वातावरणाबाहेर जाणे अवश्य होते आणि तशी साधने तेव्हा नव्हती.

दरम्यान भाभांच्या शिरावर देशकार्याचा भार वाढत होता. १९४८ साली अणुशक्ती आयोग स्थापन झाला व ते त्याचे अध्यक्ष झाले. ठाण्याची खाडी मुंबईच्या बंदराला जेथे मिळते, तेथे ट्रॉम्बेच्या डोंगरपायथ्याशी त्यांनी अणुसंशोधनाचे केंद्र वसविले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही भारताची पहिली अणुभट्टी तेथे सुरू झाली. विश्वकिरण आकाशात जी समस्थानिके घडवितात, तशी उपयुक्त समस्थानिके माणूस आता आपल्या भूमीवर घडवू लागला. रोगनिदान, कर्करोगावरील उपचार, शेती यांसाठी ती उपयोगी पडू लागली. पुढे खाडीपलीकडे ठाणे जिल्ह्यातच, वाशी येथे, समस्थानिके रुग्णालयांना व कारखान्यांना पुरविणारी संस्था उभी राहिली. आणि लासलगावचा कांदा टिकविण्यासाठीही किरणांचा वापर होऊ लागला. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील तारापूर येथे अणुवीज केंद्र उभारण्याचा निर्णय भाभांच्याच हयातीत झाला व १९६९ साली तेथे वीज निर्माण होऊ लागली.

इतक्या व्यापातही संस्थेतील विश्वकिरणांचे कार्य त्यांनी खंडित होऊ दिले नाही. एकीकडे उपकरणे घेऊन प्रचंड फुगे आकाशात चढत, तर दुसरीकडे कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरांहूनही खोल, उपकरणे मांडलेली असत. १९६५ साली त्या खाणीत, विश्वकिरणांमुळे वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनो या जवळजवळ अदृश्य कणांची चाहूल लागली. भाभांची रसिकताही तशीच ताजी होती. संस्थेच्या भिंतींवर उत्तम चित्रे असावीत, आवारात बाग असावी, बांधकामासाठी जुने झाड तोडण्याऐवजी ते मुळांसकट हलवून दुसरीकडे लावावे, याकडे ते जातीने लक्ष देत.

२४ जानेवारी १९६६ रोजी एका सभेसाठी व्हिएन्नाला जात असता त्यांचे विमान आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखरावर कोसळले आणि या थोर पुरुषाचा अंत झाला. त्यांचे वय तेव्हा अवघे ५६ वर्षांचे होते. १९६७ साली ट्रॉम्बेच्या केंद्राला भाभांचे नाव देण्यात आले.

ज्या प्रश्नाने त्यांना तरुणपणी भुरळ घातली, त्याचे उत्तर त्यांच्या पश्चात हळूहळू उलगडत गेले. अंतराळयानांनी विश्वकिरणांतील बेरिलियम-१० मोजले, तेव्हा त्याचा बराचसा भाग नष्ट झालेला आढळला. त्यावरून असे ठरले, की हे किरण आकाशगंगेत सरासरी दीड कोटी वर्षे भटकून आपल्यापर्यंत येतात. १९८५ साली त्यांच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी अहमदाबादच्या सहकाऱ्यांसह तयार केलेले अनुराधा नावाचे उपकरण अमेरिकेच्या अंतराळयानातून पाठविण्यात आले व त्याने या किरणांचा अभ्यास केला. १९९७ साली अमेरिकेने सोडलेल्या एका यानाने सुमारे १७ वर्षे निरीक्षण करून लोखंडाच्या एका किरणोत्सारी समस्थानिकाचे अवघे १५ अणुगर्भ टिपले. ते वृत्त २०१६ साली जाहीर झाले. त्याचे अर्धायुष्य सुमारे २६ लाख वर्षांचे असल्यामुळे ते फार पुरातन किंवा फार दूरचे असणे शक्य नव्हते. प्रचंड तारे आयुष्याच्या अखेरीस स्फोट होऊन फुटतात, आणि अशाच स्फोटांतून आपल्या जवळपासच्या भागात हे विश्वकिरण निघाले असले पाहिजेत, असा त्याचा अर्थ निघाला. सर्वांत प्रचंड ऊर्जेच्या किरणांचे मूळ मात्र अद्याप पुरते सापडलेले नाही.

भाभांना या साऱ्या शोधांचे साक्षीदार होता आले नाही. पण वृक्ष लावणाऱ्याला त्याच्या सर्व फळांची गोडी कधीच चाखता येत नाही. सावलीत बसणाऱ्यांनी त्याचे स्मरण ठेवावयाचे असते. अडचणीच्या काळात परक्या दारी सुख शोधण्याऐवजी त्यांनी आपल्याच अंगणात विद्येचा वृक्ष लावला. आजही आषाढात पाऊस कोसळतो, ठाण्याची खाडी भरून येते, आणि प्रत्येक सरीबरोबर दूरच्या आकाशाचे निरोप आपल्या दारी उतरत राहतात. ते वाचण्याची विद्या आपल्याच भूमीवर शिकता येते, हे होमी भाभांनी आपल्या जीवनाने दाखवून दिले.